स्तनाचा कर्करोग व लक्ष्यवेधी औषधें

सन १९४१ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २८ तारखेस मुंबईंत परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालयाचें उद्घाटन झालें. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं विलायतेंत रक्ताच्या कर्करोगानें वारल्या होत्या. त्यांच्या स्मरणार्थ दोराबजींच्या विश्वस्तांनीं हें रुग्णालय उभारलें. ज्या दिवशीं परळचें दार उघडलें, त्या दिवशीं बीड जिल्ह्यांतील आष्टी हें गांव निजामाच्या राज्यांत होतें. आष्टी तालुका बीडच्या पश्चिम टोंकास, नगर जिल्ह्याच्या हद्दीस लागून. बाजारहाट, सोयरीक, दुखणेंबाणें यांसाठीं नगरकडे जाणें सोयीचें. पण मधून राज्याची सीमा गेलेली. नगरची बाई इंग्रजी मुलखांतली आणि आष्टीची बाई मोगलाईंतली. तथापि स्तनांत गांठ आली असतां दोघींची दशा बहुधा एकच होई. गांठ दुखत नाहीं म्हणून ती कोणास सांगावयाची नाहीं. सांगितलीच तर सासूला, आणि सासूनें लेप सुचवावयाचा. गांठ फुटून वाहूं लागली म्हणजे मग दवाखान्याची वाट.

दवाखाना गांठल्यावरही त्या काळीं डॉक्टरांच्या हातीं मुख्यतः दोनच साधनें होतीं. शस्त्र आणि किरण. अमेरिकेंतील शल्यवैद्य हॉल्स्टेड यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेंतील गांठी एकत्र काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया रूढ केली होती. रेडियमचे व क्ष-किरणांचे उपचार, ज्यांस आपल्याकडे लोक अद्यापि 'शेक' म्हणतात, ते तिच्या मदतीस आले होते. रोग स्तनापुरता असे तोंवर यांचा उपयोग होई. परंतु वर्षा-दोन वर्षांनीं, कधीं दहा वर्षांनींही, दुखणें उलटलें म्हणजे शस्त्र थबके. पाठीचा मणका दुखूं लागे, श्वासास धाप लागे, डोळे पिवळे होत. गांठ काढलेली, जखम भरलेली, आणि रोग मात्र हाडांत, फुप्फुसांत, यकृतांत जाऊन बसलेला. अवशेष राहिलेलें अर्बुद पुन्हा वाढतें, ही गोष्ट सुश्रुतसंहितेच्या कर्त्यासही ठाऊक होती. परंतु दूर गेलेल्या अवशेषाचा पाठलाग कसा करावा, हें कोणास ठाऊक नव्हतें.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख करणें अवश्य आहे, कारण पुढील सर्व इतिहास त्यावर अवलंबून आहे. स्तनाचा कर्करोग हाडांत गेला म्हणजे तो हाडाचा कर्करोग होत नाहीं. माहेरचें माणूस परगांवीं नांदावयास गेलें तरी त्याची बोली जशी ओळखूं येते, तशी हाडांत गेलेली ती पेशी आपल्या मूळ स्तनाच्या खुणा बहुधा बाळगून असते. खूण राहिली म्हणूनच नेम धरतां येतो.

असा नेम प्रथम ज्यानें धरला, त्यास आपण कशावर नेम धरला हें पुरतें माहीत नव्हतें. जॉर्ज टॉमस बीटसन हा ग्लासगोचा शल्यवैद्य. जन्म लंकेंतील त्रिंकोमाली येथला. तरुणपणीं त्यानें दूध उतरण्याच्या क्रियेचा अभ्यास केला होता. गाय व्याल्यावर तिचीं अंडाशयें काढलीं तर ती पुष्कळ काळ दूध देत राहते, असा कित्येक देशांतील शेतकऱ्यांचा अनुभव त्याच्या कानीं आला होता. तेव्हां त्यानें तर्क केला कीं, स्तनांतील घडामोडींवर दूर बसलेल्या अंडाशयाची सत्ता आहे. १८९५ सालीं ३३ वर्षांची एक स्त्री त्याच्याकडे आली. स्तन काढूनही तिचा रोग उलटला होता व दुसऱ्या शस्त्रक्रियेची आशा उरली नव्हती. बीटसननें त्याच वर्षींच्या जूनमध्यें तिचीं अंडाशयें काढलीं. आठ महिन्यांत तिच्या छातीवरील गांठी दिसेनाशा झाल्या. १८९६ सालीं त्यानें ही हकीकत 'लॅन्सेट' पत्रांत प्रसिद्ध केली. ती बाई अखेर त्याच रोगानें गेली. परंतु मध्यें तिला कांहीं वर्षें मिळालीं. गोठ्यांतल्या अनुभवावरून निघालेला हा धागा विज्ञानाच्या इतिहासांत अधिक मानानें सांगितला जावयास हवा होता.

पुढें इतर शल्यवैद्यांनीं तीच शस्त्रक्रिया केली, तेव्हां सुमारें तीनांपैकीं एकीस गुण येतो व दोघींस येत नाहीं, असें आढळलें. कोणती ती एक, हें आधीं ओळखतां येईना. दोघींचें पोट विनाकारण फाडलें जाई. या ओळखीसाठीं पाऊणशें वर्षें जावीं लागलीं. जर्मनीच्या पॉल एर्लिखनें रोगजंतूंस शोधून मारणाऱ्या व शरीरास न दुखवणाऱ्या औषधाची कल्पना मांडली होती. १९१० सालीं त्याचें साल्व्हर्सान हें औषध बाजारांत आलें. परंतु जंतु हा परका असतो. कर्करोगाची पेशी ही आपल्याच घरची. घरच्या माणसांत चोर कसा ओळखावा?

शिकागो येथील एल्वुड जेन्सन यानें १९५० नंतरच्या दशकांत त्याचें उत्तर शोधलें. अंडाशयांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या द्रव्यास त्यानें किरणोत्सर्गी खूण लावली व तें शरीरांत कोठें जाऊन बसतें हें पाहिलें. गर्भाशय व स्तन यांच्या पेशींत तें अडकून राहतें, कारण तेथें त्यास धरून ठेवणारा एक पदार्थ असतो. शास्त्रज्ञ त्यास ग्राहक म्हणतात. सामान्य माणसानें कुलूप म्हटलें तरी चालेल. इस्ट्रोजेन ही किल्ली. किल्ली फिरली कीं पेशी वाढते. १९७१ च्या सुमारास जेन्सननें दाखवून दिलें कीं, ज्या स्त्रीच्या गांठींत हें कुलूप असतें तिलाच अंतःस्राव तोडण्याच्या उपायाचा गुण येण्याचा संभव असतो. ज्या गांठींत तें नसतें तिला जवळजवळ येतच नाहीं. बीटसनची 'तीनांतली एक' अखेर सांपडली, आणि ती सांपडली गांठीच्या तुकड्यांत.

याच सुमारास कुलपांत बसणारी परंतु न फिरणारी किल्लीही तयार झाली, आणि तीही भलत्याच हेतूनें. इंग्लंडांतील आय. सी. आय. या कंपनीच्या प्रयोगशाळेंत आर्थर वॉलपोल यांच्या हाताखालीं संततिनियमनाच्या गोळीचा शोध चालू होता. डोरा रिचर्डसन या रसायनज्ञ बाईंनीं १९६२ सालीं एक द्रव्य बनविलें. त्यास ४६,४७४ हा क्रमांक मिळाला. उंदरांत त्यानें गर्भ राहूं दिला नाहीं. स्त्रियांत मात्र उलट अंडमोचनास चालना दिली. संततिनियमनाच्या दृष्टीनें औषध फुकट गेलें. तें अडगळींत पडावयाचें; परंतु मँचेस्टरच्या ख्रिस्ती रुग्णालयांत डॉ. मेरी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें पसरलेल्या स्तन-कर्करोगाच्या ४६ स्त्रियांस देऊन पाहिलें व १९७१ सालीं १० जणींस चांगला गुण आल्याचें कळविलें. हेंच टॅमॉक्सिफेन. १९७३ सालीं इंग्लंडांत व १९७७ च्या अखेरीस अमेरिकेंत त्यास परवानगी मिळाली. त्याचे दोषही आहेत. क्वचित् रक्ताच्या गुठळ्या होतात, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका थोडा वाढतो. परंतु पेशीच्या विवक्षित खुणेवर नेम धरून दिलेलें हें पहिलें यशस्वी कर्करोग-औषध होय, आणि तें आज अतिशय स्वस्त आहे. 'लक्ष्यवेधी उपचार' हा शब्द ऐकतांच लोकांच्या डोळ्यांपुढें लाखांचीं बिलें उभीं राहतात. पण त्या घराण्याची थोरली ही साधी गोळी आहे, याचा विसर पडूं नये.

तिची एक भारतीय चुलत बहीणही आहे. लखनौच्या मध्यवर्ती औषधसंशोधन संस्थेंत बनलेलें सेंटक्रोमन हें द्रव्य त्याच कुलपांत बसतें. तें मात्र संततिनियमनाच्या कामीं खरोखरच उपयोगी ठरलें. 'सहेली' या नांवानें तें विकलें गेलें आणि पुढें 'छाया' या नांवानें सरकारी आरोग्य केंद्रांतून विनामूल्य मिळूं लागलें. गांवोगांवच्या आशाताईंच्या पिशवींत ती गोळी असते.

परंतु ज्या गांठींत इस्ट्रोजेनचें कुलूप नाहीं, त्यांचें काय? त्यांच्यापैकीं कांहींचें रहस्य १९८७ सालीं उलगडलें. कॅलिफोर्नियांतील डॉ. डेनिस स्लेमन व जेनेन्टेक कंपनीचे ॲक्सेल उल्रिख यांनीं १८९ गांठींचे तुकडे तपासले. पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा निरोप घेणारा 'हर-टू' नांवाचा एक पदार्थ असतो. त्याचें जनुक सुमारें ३० टक्के गांठींत अनेक पटींनीं वाढलेलें त्यांस दिसलें. पुढील मोजणींत हें प्रमाण यापेक्षां कमी, साधारण पांचांत किंवा सहांत एक, असें ठरलें. अशा स्त्रियांचा रोग लवकर उलटे व त्या लवकर जात. खूण सांपडली, आतां तीवर नेम धरावयाचा. उंदराच्या शरीरांत तयार केलेलें प्रतिपिंड मानवी सांचांत बसवून जें औषध बनलें, त्याचें नांव ट्रास्टुझुमाब. १९९८ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत रोग पसरलेल्या ४६९ स्त्रिया होत्या. नुसत्या केमोथेरपीनें मध्यम आयुर्मान २०.३ महिने, तर या औषधाची जोड दिल्यावर २५.१ महिने भरलें. हृदय दुबळें होण्याची भीतिही त्याच चांचणींत कळली. पांच महिने म्हणजे काय मोठें, असें एखादा म्हणेल. ज्या घरीं लेकीचें लग्न ठरलें आहे, त्या घरीं विचारावें. पुढें पर्टुझुमाब हें दुसरें प्रतिपिंड जोडीस आलें आणि २०१५ सालीं जाहीर झालेल्या आंकड्यांत मध्यम आयुर्मान ४०.८ वरून ५६.५ महिन्यांवर गेलेलें दिसलें. त्यानंतर प्रतिपिंडाच्या पाठीवर विष लादून तें थेट पेशींत पोंचविणारीं औषधें निघालीं. ट्रास्टुझुमाब डेरुक्सटेकान हें त्यांतलें, अमेरिकेंत २०१९ च्या डिसेंबरांत मान्य झालेलें. पसरलेला रोग यांनीं समूळ जातो असें बहुधा म्हणतां येत नाहीं. तो आटोक्यांत राहतो. पण आटोक्यांत राहण्याचा काळ महिन्यांवरून वर्षांवर गेला, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां दामाची हकीकत. ट्रास्टुझुमाब भारतांत आलें तेव्हां त्याच्या एका मोठ्या कुपीस लाखाच्या घरांत रुपये पडत, आणि अशा कुप्या दर तीन आठवड्यांनीं लागत. २०१२ सालीं मूळ कंपनी रोश हिनें पुण्याच्या एम्क्युअर कंपनीशीं करार करून तेंच औषध दुसऱ्या नांवानें कमी किमतींत आणलें. तरीही तें सामान्य घराच्या आवांक्याबाहेरच राहिलें. त्याच सुमारास रुग्णांच्या बाजूनें चळवळ उभी राहिली व सरकारनें सक्तीचा परवाना द्यावा, ही मागणी झाली. २०१३ च्या ऑगस्टांत रोशनें भारतांतील आपल्या एकाधिकाराचा पाठपुरावा सोडला. बंगळूरच्या बायोकॉन कंपनीनें तत्सम औषध बनविलें. तें २०१४ च्या आरंभीं बाजारांत आलें, तेव्हां ४४० मिलिग्रामच्या कुपीची छापील किंमत ५७,५०० रुपये होती. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयांत खटलेही झाले. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या व भारत सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादींत या औषधाचा समावेश झाला. पुढें इतर देशी कंपन्या आल्या आणि दर आणखी उतरले.

इस्ट्रोजेनच्या कुलपाचा रोग उलटला असतां गोळीच्या जोडीस देण्याचें पाल्बोसिक्लिब हें औषध अमेरिकेंत २०१५ सालीं मान्य झालें. त्याचा भारतांतील एकाधिकार २०२३ च्या जानेवारींत संपतांच अनेक कंपन्यांनीं तें बनविलें व किंमत झपाट्यानें खालीं आली. त्याच जातीच्या दुसऱ्या एका औषधासाठीं, रिबोसिक्लिबसाठीं, सक्तीचा परवाना द्यावा म्हणून एका रुग्ण स्त्रीनें केरळ उच्च न्यायालयांत अर्ज केला होता. निकाल लागण्यापूर्वींच, २०२२ सालीं, ती वारली. एकाधिकाराचा काळ वर्षांनीं मोजतात. उलटलेल्या रोगाचा काळ महिन्यांनीं मोजावा लागतो. या दोन पंचांगांचा मेळ अद्यापि बसलेला नाहीं.

दामाचा परिणाम किती खोल जातो, हें परळच्याच एका चांचणींत दिसून येतें. रोग पसरल्यावरच प्रथम दाखल होणाऱ्या स्त्रियांचा स्तन काढावा कीं न काढावा, हा जुना वाद होता. टाटा रुग्णालयांत डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ पासून २०१३ पर्यंत अशा ३५० स्त्रियांस चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गटांत विभागलें. २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: शस्त्रक्रिया केलेल्या गटाचें मध्यम आयुर्मान १९.२ महिने, न केलेल्या गटाचें २०.५ महिने, म्हणजे शस्त्रक्रियेनें आयुष्य वाढलें नाहीं. साऱ्या जगानें दखल घ्यावी असें हें काम. यानें पुष्कळ स्त्रियांची निष्फळ चिरफाड टळली. परंतु त्याच चांचणींतील ज्या स्त्रियांच्या गांठींत 'हर-टू'ची खूण होती, त्यांपैकीं बहुतेकींस ट्रास्टुझुमाब मिळालें नव्हतें. खूण ठाऊक, औषध ठाऊक, वैद्य देशांतले उत्तम. आणि दाम नाहीं.

तथापि आष्टीसारख्या तालुक्याच्या दृष्टीनें दाम ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी खुणेची. खूण गांठींत असते आणि ती सूक्ष्मदर्शकाखालींच दिसते. १९४१ सालीं परळच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं घेतली, तेव्हांपासून गांठीच्या तुकड्याची पारख हें या देशांत शास्त्र बनूं लागलें. मुंबईंत कर्करोगाची नोंदवही १९६३ सालीं सुरू झाली. खेड्यांतल्या रोग्यांची देशांतील पहिली नोंदवही १९८७ सालीं बार्शी येथें उघडली. तीत बार्शी, भूम व परांडे या तालुक्यांतील गांवें होतीं. म्हणजे आष्टीच्या बाईसारख्याच बायांची ती पहिली मोजदाद. शहराच्या मानानें खेड्यांत स्तनाचा कर्करोग कमी आढळतो. परंतु ज्यांस होतो त्यांस तो उशिरां कळतो.

गांठीचा तुकडा प्रयोगशाळेंत गेला म्हणजे तो मेणाच्या ठोकळ्यांत बसवून ठेवतात आणि त्याचे पातळ काप काढून तीन खुणा पाहतात: इस्ट्रोजेनचा ग्राहक, प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक व हर-टू. कागदावर 'ई. आर.', 'पी. आर.' व 'हर-टू' अशीं अक्षरें येतात. तिन्ही खुणा नसलेल्या गांठींचें प्रमाण आपल्या देशांत पाश्चात्यांपेक्षां अधिक आहे. त्या स्त्रियांस ही गोळीही नाहीं व हें प्रतिपिंडही नाहीं. त्यांची मदार मुख्यतः केमोथेरपीवर. रोग उलटला म्हणजे शक्य असेल तेथें नव्या ठिकाणचा तुकडा पुन्हा तपासावा, असें तज्ज्ञ सांगतात, कारण कांहीं जणींत खूण मधल्या काळांत बदललेली असते. पुष्कळ घरांतून औषधांच्या पावत्या जपून ठेवलेल्या आढळतात आणि हा कागद मात्र हरवलेला असतो. वास्तविक पावत्या गेल्या तरी चालतील.

बीटसनची शस्त्रक्रियाही अजून मोडींत निघालेली नाहीं. तरुण स्त्रीच्या अंडाशयाचें काम थांबविण्यासाठीं इंजेक्शनें आहेत. पण तीं वारंवार घ्यावीं लागतात, म्हणून अंडाशयें काढण्याचा मार्ग आजही सुचविला जातो. बीड जिल्ह्यांत मात्र या सल्ल्याकडे बायका संशयानें पाहतील तर त्यांस दोष देतां येणार नाहीं. ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांचीं गर्भाशयें विनाकारण काढल्याच्या तक्रारींवरून २०१९ सालीं राज्य सरकारला चौकशीसमिति नेमावी लागली होती. अवयव काढण्याचा सल्ला खरा कोणता व खोटा कोणता, हें ठरविण्यासही तोच तीन खुणांचा कागद उपयोगीं पडतो.

निजामाची सीमा १९४८ सालीं पुसली गेली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत. आष्टीहून नगरपर्यंतची ६६ किलोमीटरची आगगाडी २०२२ च्या सप्टेंबरांत सुरू झाली. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथें सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीस नर्गिस दत्त यांच्या नांवाचें आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेंत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. रस्ता आतां आहे. पण आष्टी तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात, आणि उन्हाळ्यांत परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई आजारी पडली कीं कोयता अर्धा होतो व उचल फिटत नाहीं. ट्रास्टुझुमाबची कुपी २ ते ८ अंशांच्या थंडाव्यांत ठेवावी लागते, ती शिरेंतून द्यावी लागते, हृदयाची तपासणी अधूनमधून करावी लागते, आणि दर तीन आठवड्यांनीं रुग्णालयांत हजर व्हावें लागतें. फडावरून तें कसें साधावें, याचा विचार कोणत्याही चांचणीच्या आंकड्यांत नाहीं. टॅमॉक्सिफेनच्या गोळीस थंडावा लागत नाहीं, सुई लागत नाहीं. रोज एकदां, पाण्याबरोबर, उसाच्या फडावरील कोपींतही ती घेतां येते. मात्र ती घ्यावयाची कीं नाहीं, हें सांगणारा कागद फडावर निघण्यापूर्वीं हातांत पडलेला असावा लागतो. आणि तुकडा दिल्यापासून तो कागद येईपर्यंत जे दिवस लागतात, तेवढे दिवस मुकादमाची गाडी थांबत नाहीं.